आमची आई फार बोलत नाही

प्रिय अनुजा,

कागदावर लाल डाग दिसले तर दचकू नकोस, रतांब्यांचे आहेत. सकाळपासून मी आणि शेजारची मथुरा दारापुढच्या खळ्यात बसून रतांबे फोडतोय. बिया आणि रस एका बाजूला, सालं उन्हात. पाऊस यायच्या आत ती वाळली नाहीत तर वर्षभराच्या सोलकढीची सोलं गेली. मागच्या जांभळीखाली रोज खच पडतो. बरका फणस झाडावरच फुटला आणि त्याच्या वासाने मुंगूससुद्धा अंगणात येऊन गेलं. ऊन चढायच्या आधी आम्ही दोघी डोंगरावर करवंदं काढायला जातो. करवंद अर्धं तोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ अजून चालू आहे. साठी उलटली तरी हरली की मथुरा चिडते आणि माझ्या ओच्यातली चार पिकलेली करवंदं उचलून तोंडात टाकते.

इतकं सगळं दारात असताना गेला महिनाभर मला किळस येते आहे. शब्द तोलून लिहिलाय. राग मला आयुष्यभर येत आला. त्याच रागावर मी बाजारातलं दारूचं दुकान हलवलं, वाचनालयाची जागा ग्रामसभेत भांडून मिळवली. राग माणसाला उभं करतो. हे तसं नाही. हे घशाशी येतं आणि थुंकायला जागा सापडत नाही.

समर्थ मुंबईची नोकरी सोडून घरी आला तेव्हा मला किती बरं वाटलं, ते तुला ठाऊक आहे. मागे तीन खोल्या काढल्या, आंबोलीला जाणारे पाहुणे थांबू लागले. तुझी वहिनी किशोरी राब राब राबते. तोवर सगळं ठीक होतं. मग त्याने पाहुण्यांना करवंदं काढायला डोंगरावर न्यायला सुरुवात केली. आमच्या वाडीत कोणी करवंदाची जाळी पुरती ओरबाडत नाही. आतली, वरची फळं पाखरांना राहतात, हाताशी असलेली मागून येणाऱ्याला. या मंडळींनी फोटोसाठी फांद्या मोडल्या, कच्ची हिरवी करवंदं तोडली, चीक ओठांना चिकटला म्हणून शिव्या घातल्या आणि सगळं तिथेच फेकून दिलं. दोन आठवड्यांत जवळच्या जाळ्या बोडक्या झाल्या. लांबच्या जाळ्यांची वाट आम्ही दोघींनी त्याला दाखवली नाही. दाखवणारही नाही.

तर तुझ्या भावाने काय करावं? सावंतवाडीच्या बाजारातून करवंदं विकत आणली. ती माझ्या टोपलीत ओतली. पाहुणे खळ्यात बसले की मी घरामागून टोपली घेऊन यायचं, आत्ताच डोंगरावरून उतरल्यासारखं. नऊवारी नेसून. फणसाच्या पानांचे द्रोणासारखे खोले करून एकेकाच्या हातात द्यायचे. आणि बोलायचं नाही. "आये, तू फक्त हस. लोकांका हय शांतता होयी आसता," असं मला, मला, त्याने सांगितलं. मी ते केलं. चार रविवार केलं. त्याचा धंदा बसला तर तो परत मुंबईला जाईल, या एका भीतीने केलं. पडवीतून सगळं पाहणाऱ्या मथुराने तिसऱ्याच रविवारी विचारलं, "काय गो सुशीला, तोंडाक कुलूप कित्या घातलंस? चावी तुझ्या झिलाकडे आसा काय?" मी हसले. तेव्हाही फक्त हसलेच.

गेल्या रविवारी पुण्याची एक बाई आली होती. चांगली शिकलेली, गळ्यात जाड मणी. माझ्या हातातून खोला घेताना ती नवऱ्याला म्हणाली, "किती सुखी असतात ना या बायका! यांना काही माहीतच नसतं." माझ्यासमोर, मराठीत, गाईबद्दल बोलावं तसं. मी टोपली खाली ठेवली आणि बोलले. ही करवंदं बाजारातली आहेत, तिथून सुरुवात केली. डोंगरावरची का उरली नाहीत ते सांगितलं. मला काय काय माहीत आहे तेही सांगितलं, आणि ते थोडं नाही. आवाज रस्त्यावर ऐकू गेला म्हणे. समर्थ खांबाला धरून उभा होता. मला वाटलं, आता हा मला कधी क्षमा करणार नाही. तरी थांबले नाही.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, अनुजा. उभं राहून. दोघातिघांनी मोबाइलवर घेतलं. ती मण्यांची बाई माझ्याबरोबर फोटो काढायला आली. आणि रात्री जेवताना समर्थ पाणावल्या डोळ्यांनी जवळ बसला. मला वाटलं, पोराला लाज वाटली. तर म्हणतो, "आये, ह्या भारीच झाला! दर रविवारी जेवल्यार पाच मिनटा करशीत?" गप्प बसलेली मी विकली जात होते, आता बोलणारीही विकायला काढली. मी ताटावरून उठले. त्याला नाही म्हणून सांगितलं, नऊवारी ट्रंकेत टाकली, आणि बाजारातलं एकही करवंद या टोपलीत पडणार नाही हेही सांगितलं. काल तो आपणहून रतांब्यांची पाटी उचलून उन्हात ठेवून गेला. त्याचं आणि माझं होईल ठीक.

पत्र मात्र त्याच्यासाठी नाही. तो म्हणाला, आपल्या खोल्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर नवा मजकूर घालायला ताईला, म्हणजे तुला, फोन केलाय. म्हणून मी किशोरीच्या मोबाइलवर आपल्या घराचं ते पान पहिल्यांदा वाचलं. 'आमची आई फार बोलत नाही. ती हसते, आणि हिरव्या पानातून डोंगर तुमच्या हातात ठेवते.' समर्थला अशी दोन वाक्यं जन्मात लिहिता येणार नाहीत. ती तुझी आहेत. सुरेख आहेत, त्यानेच जास्त लागली. आधी वाटलं, भावाच्या धंद्यासाठी लिहिलीस. मग आठवत गेलं. शाळेच्या संमेलनात मी बोलायला उठले की तुला तहान लागायची, तू उठून जायचीस. तुझ्या लग्नात मी मांडवात मानपानावर बोलले, तेव्हा तू मान वर केली नाहीस. मे महिन्यात तू घरी आलीस त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि दर वेळी कारण वेगळं होतं. म्हणून विचारते. ती न बोलणारी बाई तू पाहुण्यांसाठी रचलीस, की तुला तशी आई हवी होती? धंद्यासाठी असेल तर ती ओळ आजच काढ. पण हवी होती असं असेल तर काढू नकोस, आधी इथे ये. जांभळं संपायच्या आत ये, आणि जे आहे ते तोंडावर सांग. तुझं बोलून होईपर्यंत मी एक शब्द उच्चारणार नाही.

वाट बघणारी, तुझीच
आई