ठरावाच्या बाजूने नऊ हात

आये, तुला जाऊन सोळा वर्षं झाली. तू होतीस तेव्हाही मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. फोन करायचे, तोही सुट्टीच्या शुक्रवारी, आणि अर्धं लक्ष कुकरच्या शिट्यांकडे ठेवून. आज लिहायला बसले, कारण ही गोष्ट सांगावी असं इथे कोणी उरलेलं नाही. नवरा म्हणतो, झालं ते झालं, आता विषय बंद कर. कुवेतमध्ये आमचं कोकणातल्या माणसांचं एक लहानसं मंडळ आहे, गणपती आणि हळदीकुंकवापुरतं, आणि मी त्याची चिटणीस आहे. गेल्या शुक्रवारच्या सभेचं इतिवृत्त समोर लॅपटॉपवर अर्धवट पडलंय. ते उद्या पाठवायचं आहे आणि एका वाक्याशी येऊन मी तीन दिवस अडले आहे.

सुरुवात तुझ्या नातीपासून झाली. ती आता चौदा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, असा आमचा संसार. तिच्या शाळेत वादविवाद स्पर्धा होती. अधिकाराचा गैरवापर केल्याचा आरोप असलेल्या राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालवावा की नाही, असा विषय, आणि तिला 'चालवावा' ही बाजू आली. जेवणाच्या टेबलावर भेंडी चिरता चिरता मी मुद्दे सांगत होते आणि ती लिहून घेत होती. मी म्हटलं, खुर्ची कामासाठी दिलेली असते, माणसाला नाही. जे लोकांना द्यायलाच हवं ते अडवून धरून त्याच्या बदल्यात स्वतःसाठी काही मागितलं, तर तोच गैरवापर. त्यासाठी पैसेच खायला हवेत असं नाही. आणि निवडणूक येतेच आहे, लोक ठरवतील, असं कोणी म्हणालं तर विचार, की जो आताच लोकांचं तोंड दाबतोय तो निवडणूक धड होऊ देईल का? तिने पेन थांबवून विचारलं, "बट मम्मा, तो चांगला माणूस असेल तर?" मी झटकन म्हणाले की चांगुलपणावर खटला नसतोच, केलेल्या कामावर असतो. तिला पदक मिळालं. मी आठवडाभर हवेत होते, जणू मीच बोलून आले होते.

पण ते शब्द माझे नव्हतेच. ते मी बारा वर्षांची असताना आपल्या चुलीपुढे ऐकले होते. मामा सरपंच होता आणि वरच्या वाडीने त्याला मतं दिली नाहीत म्हणून त्याने त्यांच्या नळाची लाईन दुरुस्तीच्या नावाखाली बंद ठेवली होती. ऐन मे महिन्यात तिथल्या बायका आपल्या विहिरीवर यायच्या, आणि तू ग्रामपंचायतीची सदस्य असल्यामुळे तुझ्याकडे नुसतं बघायच्या. मग अविश्वास ठराव आला. तहसीलदार आले, शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली, आम्ही मुलं खिडकीशी. सात सदस्य, ठराव पास व्हायला पाच हात लागणार. चार वर गेले आहेत. मामा तुझ्याकडे बघत नाहीये, कारण त्याला खात्री आहे. तुझं लग्न त्यानेच लावून दिलेलं, बाबा आजारी असताना भात त्यानेच पाठवलेला. आणि तू हात वर करतेस. सावकाश, पदर सावरून, जणू त्यात विशेष काहीच नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला मामा आला नाही, आणि नंतरही कधी आला नाही. मामाच्या घरी माझ्या वयाच्या दोन मुली होत्या, टीव्ही होता, माझी सुट्टी तिथेच जायची. ते सगळं एका हातासरशी गेलं. मी चिडून तुला म्हणाले की तुला भावापेक्षा परक्यांची पाण्याची लाईन मोठी. तू मासे साफ करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "घराक तो माझो भाव. थंय तो सरपंच." आणि मला कोथिंबीर आणायला पिटाळलंस. मला तेव्हा तू दगड वाटलीस. पुढे कितीतरी वर्षं वाटत होतीस.

आता आमच्या मंडळाचे अध्यक्ष. सत्तावीस वर्षं कुवेतमध्ये असलेला माणूस, गोड बोलणारा, प्रत्येक ऑफिसात कोणीतरी ओळखीचं. त्यांनी एक फोन केला की महिनाभर अडलेला कागद हलतो. त्यांची मुदत संपून दीड वर्ष झालं, निवडणूक दोनदा पुढे ढकलली, सभासदांची यादी आणि शिक्का त्यांच्या घरी. ज्याने हे विचारलं त्याच्या मुलीचं नाव गणपतीच्या कार्यक्रमातून गळालं. इथवर आम्ही सगळे गप्प होतो, मीसुद्धा. मग लवकर निवडणूक घ्यावी असा अर्ज फिरला, आणि त्यावर जलीब या कामगारवस्तीतल्या एका खोलीतल्या सहा जणांनी सह्या केल्या. ही आपल्याकडचीच माणसं, सुतार, वेल्डर, घरदार गावी ठेवून एका खोलीत सहा खाटा टाकून राहणारी.

त्यातला एक अर्दियातल्या वर्कशॉपमध्ये काम करता करता कोसळला आणि गेला. कंपनीवाले फोन उचलेनात. मृतदेह गावी पाठवायचे कागद अध्यक्षांनी आजवर कितीतरी जणांचे करून दिले होते, म्हणून उरलेले पाच त्यांच्याकडे गेले. अध्यक्षांनी चहा दिला आणि म्हणाले, करू की, आपलाच माणूस आहे, फक्त आधी त्या अर्जावरची तुमच्या खोलीची नावं काढून टाका. त्या पाचांना वाटलं हे रागाच्या भरात असेल, म्हणून चार दिवस थांबले. मग व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात तोच निरोप आला, तितकाच गोड. अकराव्या दिवशी पाचही जणांनी आपापल्या नावावर रेघ मारली, मेलेल्याच्या नावावरही त्यांनीच मारली. बाराव्या दिवशी सगळे कागद झाले.

हे त्या खोलीतल्या एकाने, वेल्डर आहे तो, मला येऊन सांगितलं आणि तो निरोप ऐकवला. ठरावाचा मसुदा मीच लिहिला, आये. तुझ्या नातीच्या वहीतले मुद्दे समोर ठेवून लिहिला. इतकं स्वच्छ मी आयुष्यात काही लिहिलं नसेल. लिहिताना एक गोष्ट मात्र सारखी आडवी येत होती. तू गेलीस तो शुक्रवार होता, माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी कंपनीत अडकला होता, आणि सुट्टीच्या दिवशी कपाट उघडायला लावून तो ज्यांनी मला आणून दिला, ते हेच अध्यक्ष. तुझं तोंड मला शेवटचं दिसलं ते त्यांच्यामुळे. आणि आता माझा नवरा ज्या खात्यात आहे तिथल्या वरिष्ठांशी त्यांचं रोजचं उठणंबसणं आहे.

सभेला साठ माणसं होती. उपाध्यक्ष खुर्चीवर बसले, ठराव मी वाचला, वेल्डरने मोबाईल माइकला लावला. आवाज सगळ्यांनी ऐकला. मला वाटलं, आता संपलं. अध्यक्ष उठले आणि शांतपणे म्हणाले, "आवाज माझाच आहे. मंडळात शिस्त नको का? आणि मृतदेह गेला ना घरी? मग तक्रार कसली?" मागे कोणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काहींनी. मी माणसांच्या तोंडांकडे बघत होते. एकाच्या भावाला त्यांनी नोकरी लावलेली, एकीच्या बाळंतपणात रात्रभर हॉस्पिटलात थांबलेले, एकाचा दंड माफ करून आणलेला. त्या हॉलमध्ये त्यांच्या उपकाराखाली नसलेलं कोणी नव्हतंच, आणि ज्याचे उपकार त्याचीच भीती. हात वर करायला सांगितलं तेव्हा नऊ हात वर गेले. पाच त्या खोलीतले, ज्यांना सगळ्यात जास्त भोगावं लागणार होतं. गाड्यांतून आलेल्या कुटुंबांपैकी चार. बाकीचे फोनमध्ये बघत होते. ठराव पडला, समोसे आले.

पार्किंगमध्ये वेल्डर भेटला. ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. तो म्हणाला, "वैनी, तुमचो हात दिसलो नाय." मी म्हटलं, मी मोजत होते. त्याने समजुतीने मान हलवली. "होय, मोजूक कोणतरी व्हयाच," म्हणाला आणि जलीबच्या बसकडे गेला. त्याला ते खरं वाटलं. घरी आल्यावर लेकीने विचारलं, "सो, ही इज आउट?" मी नाही म्हटलं. तिने हेडफोन परत कानाला लावला. इथे काही बदलणार नाही, आये. पुढच्या गणपतीला हेच अध्यक्ष आरती घेऊन उभे राहतील, मी तबक धरीन, आणि त्या खोलीतल्या कोणाचा पुढचा कागद अडेल तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर सगळे हात जोडल्याची चित्रं टाकतील. माझ्या एका हाताने ठराव पास झाला नसता, हे मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगते. ते खरंही आहे.

इतिवृत्तात मी लिहिलंय, 'मतमोजणीचं काम असल्यामुळे चिटणिसांनी मतदान केलं नाही.' तिथेच अडलेय. उद्या ते असंच जाईल आणि कोणी हरकत घेणार नाही. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून तुला सांगते. मोजणीचं काम माझं नव्हतं. उपाध्यक्षांनी ते खजिनदारांना दिलं होतं. ते कागद-पेन घेऊन उभेही राहिले होते. मीच पुढे गेले, त्यांच्या हातातला कागद घेतला आणि म्हटलं, बसा तुम्ही, मी मोजते.