थेट दुसऱ्या वर्षाला

२ जून
आज काकांना सांगून टाकलं. काका म्हणजे आमच्या रक्त-लघवीच्या लॅबमधले सगळ्यात जुने टेक्निशियन. सेंट्रिफ्यूजशेजारी बसून बिस्कीट खाण्याइतके जुने. मी म्हणाले, मी जातेय. बीएस्सी करणार, आणि तीही थेट दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमावाल्यांची कॉलेजात एक लेखी आणि एक प्रॅक्टिकल घेतात, दोन्हींत पास झालं की पहिलं वर्ष माफ. नापास झालं तर पहिल्यापासून, पण तो भाग मी सांगितला नाही. लागू नसलेली माहिती देऊन लोकांना गोंधळात टाकू नये.
काका म्हणाले, बरं. उद्या सकाळची ड्यूटी तुझीच ना?
यांना विज्ञान म्हणजे काय ते कधी कळणार नाही. आम्ही इथे नळी मशीनमध्ये ठेवतो आणि आकडा छापून येतो. यात डोकं कुठे आहे?

५ जून
मामेबहीण आली होती. घरात हिला सगळे गोगलगाय म्हणतात. जेवायला बसली की बाकीच्यांचे हात वाळतात. त्याच कॉलेजात पहिलं वर्ष रखडत पार पाडून यंदा दुसऱ्यात गेली आहे. म्हणजे माझी वर्गमैत्रीण होणार. तिची कीव आली.
म्हणाली, ताई, माझी मागच्या वर्षीची जर्नल्स देऊ? प्रॅक्टिकलला बरी पडतील.
मी नको म्हणाले. तिचं अक्षर पावसात भिजलेल्या मुंग्यांसारखं आहे. शिवाय पाच वर्षं रोज हाताने काम केलेल्या माणसाने प्रॅक्टिकलची तयारी करायची म्हणजे पोस्टमनने चालायचा सराव करण्यासारखं आहे.

९ जून, दुपारी
वॉर्डातून बिनलेबलची नळी आली. नाव नाही, वय नाही, रक्त काढल्याची वेळ नाही. मी परत पाठवली. सिस्टर फोनवर ओरडल्या, अहो, वॉर्डात आज एकच पेशंट आहे, दुसऱ्या कुणाचं असणार? मी म्हणाले, ते मला काय ठाऊक. काका बिस्कीट चावत म्हणाले, कधीतरी विचारून घ्यावं गं.
विचारून काय घ्यायचं? नियम म्हणजे नियम. पण हे सगळं आता फार दिवस नाही. डिग्रीवाले लोक लेबलात अडकत नाहीत, तत्त्वात जातात.

१४ जून
अभ्यासाला सुरुवात. टाइमटेबल केलं, तीन रंगांत. पुस्तकांना कव्हरं घातली. एक तिरकं बसलं, काढून पुन्हा घातलं. त्यात अख्खा दिवस गेला, पण पाया पक्का झाला.
मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, आत्याने घरीच शिकवलं. तिचा एकच दंडक होता. शंका असेल तर उत्तर कोरं सोड, पण ठोकून देऊ नकोस. माझी निम्मी पाटी कोरी असायची आणि तिचा ऊर भरून यायचा. अशा घरातून आलेल्या मुलीला वैज्ञानिक वृत्ती काय शिकवणार?

२० जून
ठरवलं: टेक्निशियनच्या सवयी पुसून टाकायच्या. आजपासून.
संध्याकाळी फ्रिजमधल्या दुधाला तारखेची चिठ्ठी लावली. बाबांच्या पाण्याच्या तांब्यालाही लावली. बाबा म्हणाले, मलाही एक चिकटव, म्हणजे घेऊन जाताना चूक व्हायला नको. आई फार हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते दोघांनी नीट सांगितलं नाही.
गोगलगाय पुन्हा आली. म्हणे, शनिवारी कॉलेजची प्रयोगशाळा उघडी असते, चल, नेहमीचे दोन-तीन प्रयोग दाखवते. मी म्हणाले, शनिवारी मी विश्रांती घेते, मेंदू ताजा राहतो. ती बरं म्हणाली. तासाभराने उठली.

२७ जून
लेखी झाली. सोपी होती. शेजारच्या बाकावरचा डिप्लोमावाला घामाने थबथबला होता. अशा लोकांमुळेच आमच्याकडे वाईट नजरेने बघतात. घरून निघताना कुलूप तपासायला एकदाच परत गेले, म्हणजे मन शांत आहे. दोनदा गेले, पण दुसऱ्यांदा छत्री आणायला.

२८ जून, दुपारी ४
प्रॅक्टिकल. आजचा दिवस मी विसरणार नाही.
प्रश्न: दिलेल्या द्रावणात साखर किती ते काढा. हे तर मी झोपेत करते. तेवढ्यात नळी समोर आली. तिच्यावर फक्त ‘क’ लिहिलेलं. नाव नाही, वेळ नाही, बूचसुद्धा नाही. वरून किंचित गढूळ.
आजूबाजूला सगळे मेंढरांसारखे बर्नर पेटवत होते. एकालाही शंका आली नाही. मला क्षणात उमगलं. हीच खरी परीक्षा आहे. साखर कोण काढतं हे बघायचंच नाही त्यांना, नको त्या नमुन्याला नाही म्हणायची हिंमत कुणात आहे ते बघायचंय.
परीक्षक मॅडम जवळून जाताना म्हणाल्या, सुरुवात करा, वेळ जातोय. मी मंद हसले. त्याही कसलेल्या अभिनेत्री आहेत.
उत्तरपत्रिकेवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: नमुना स्वीकारण्याजोगा नाही. ओळख नाही, वेळ नाही, झाकण नाही. नवीन पाठवावा. खाली सही. मग उरलेला वेळ हाताची घडी घालून बसले. मन कसं धुतल्यासारखं झालं होतं.

२९ जून
सकाळी काकांना सांगितलं. त्यांचं बिस्कीट चहात पडलं. म्हणाले, अगं, पण तो कॉलेजचा नमुना ना? मी म्हणाले, तत्त्व सगळीकडे सारखंच असतं. ते चमच्याने बिस्कीट शोधत राहिले.
दुपारी लॅबच्या कपाटाचं कुलूप तीनदा तपासलं. चहा जास्त झाला असावा.

८ जुलै
लेखीत उत्तम. प्रॅक्टिकलमध्ये शून्य. शून्य माझ्या अक्षराइतकंच स्वच्छ काढलं होतं.
गोगलगाय निकाल बघायला सोबत होती. हळूच म्हणाली, ताई, दर वर्षी हेच देतात गं. ‘क’ म्हणजे साखर. शनिवारी हेच तर दाखवणार होते.
मी तिला सांगितलं की जो प्रयोग दर वर्षी तोच देतात त्याला विज्ञान म्हणत नाहीत. वाटेत पहिल्यांदाच ती माझ्यापुढे चालत होती.

९ जुलै
परीक्षक मॅडमना जाऊन भेटले. त्यांची चूक त्यांच्या लक्षात आणून देणं भाग होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, बाळ, ते साखरेचं पाणी होतं. सकाळी मीच कालवलं. त्याचं नाव काय लिहू, आणि वय?
मी म्हणाले, निदान कालवल्याची वेळ तरी.
त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाल्या, शंका आली होती तर मला विचारलं का नाहीस? मी तिथेच फेऱ्या मारत होते.
या प्रश्नाचं उत्तर आत्याने सांगितलंय तसं कोरं सोडलं.

११ जुलै
आत्याचा फोन. निकाल सांगितला. म्हणाली, कोरं सोड म्हणायचे मी, पण नंतर माझ्याकडे येऊन विचार असंही म्हणायचे ना गं? तू कधी आलीच नाहीस.
फोन ठेवल्यावर कुलूप तपासून आले.

२० जुलै
कॉलेज. पहिलं वर्ष, पहिला दिवस. लॅबमध्ये संध्याकाळची ड्यूटी लावून घेतली. काका म्हणाले, म्हणजे तू जाणार होतीस ते खरंच होतं?
वर्गात शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना मी मॅडम वाटले. बसा, म्हणाले. बसली. शिस्तीची आहेत, पण चेहऱ्यांवर बुद्धीचा मागमूस नाही. मी खिडकीपाशी उभी राहिले, सगळ्यांवर एक नजर टाकली. बरं वाटलं. तेवढ्यात खऱ्या मॅडम आल्या, चष्मेवाल्या, त्याच. पोरं पुन्हा उठली. मी तर उभीच होते. मॅडम बसा म्हणाल्या आणि सगळी बसली. मीही बसले, शेवटच्या बाकावर, आणि ज्यांनी माझ्यासाठी उठायचे कष्ट घेतले होते ते सगळे वळून बघू लागले.
दुपारी प्रयोग. नळी आली. ‘क’. मॅडम जवळून गेल्या, किंचित थांबल्या.
मी हात वर केला. विचारलं, हे कधी कालवलं?
सव्वादहाला, म्हणाल्या.
मी नळीवर लिहून घेतलं आणि बर्नर पेटवला. उत्तर बरोबर आलं. गोगलगायीची जर्नल्स उद्या आणायची आहेत. अक्षर वाईट आहे, पण चालवून घेईन.