ओटीतला झेल

सौंसर,
१४ डिसेंबर १९८६

प्रिय उत्तम,

जयभीम. तुझं कार्ड मिळालं. सगळं मिळून दोन ओळी! सलग दुसऱ्या दिवाळीला आला नाहीस. नागपूर काही विलायतेत नाही, सकाळची बस धरली की जेवायला घरी. पण आज मी रागवायला बसलेली नाही. एक गंमत सांगायची आहे. तुझी माय क्रिकेट शिकते आहे. हसलास ना? हस.

गुरू म्हणजे तुझी बहीण. इंदूच्या शाळेने मुलींचा संघ काढला आहे, रबरी चेंडूचा, आणि तिला सरावाला कुणी मिळेना. तुझ्या बाबांची कंबर धरलेली, म्हणून उरले मी. भगवंतराव मालकांनी संत्र्याच्या बागेला ताण दिला आहे. पाणी बंद, त्यामुळे झाडांच्या दोन ओळींमधली जमीन टणक झाली आहे, तू खेळायचास तेव्हासारखीच. बाबा अजून तिथेच राखणीला आहेत, म्हणून संध्याकाळी आम्हाला कुणी हटकत नाही.

पहिले चार दिवस इंदूने माझा जीव खाल्ला. "माय, कोपर वाकवू नको, ढेकूळ फेकून राहिली का तू?" तिचं खरंच आहे. वीस वर्षं माकडांना ढेकळंच मारली, हात सवयीनेच वाकतो. मग तिने हात कानाला घासून गोल फिरवायला लावला. बॅट धरली की वेगळंच, चेंडू आला की माझे डोळे मिटतात. लहानपणी तू मागे लागायचास, माय, सहाच बॉल टाक ना. मी म्हणायचे, भाकरी कोण थापेल? सहा बॉलला किती वेळ लागतो ते आता कळलं. चहाला उकळी येण्याआधीच संपतात रे.

काल इंदूने उंच टोला मारला. मी कापूस वेचून थेट आले होते, कमरेची ओटी सोडली नव्हती. हात राहिले जागेवर आणि ओटी गेली पुढे. चेंडू बरोबर आत पडला. मी अक्षरशः नाचले. इंदू अडून बसली, लुगड्यातला झेल चालत नाही म्हणून. मी म्हटलं, या ओटीतून कधी कापूस सांडला नाही, चेंडू कसा सांडेल? शेवटी बाबा म्हणाले, "उत्तमले विचारा." दोन वर्षांत त्यांनी तुझं नाव पहिल्यांदा घेतलं. त्यानंतर आम्ही काही खेळलो नाही.

त्या साली तुझा चेंडू फुलोऱ्यात शिरला, फुलं गळाली, भगवंतराव बाबांना चारचौघांत बोलले. आणि मी तुझी बॅट चुलीत घातली. त्याच जाळावर भाकरी भाजली, तुला वाढली. तू ती खाल्लीस आणि सकाळच्या बसने गेलास. चुकलं माझं, उत्तम. हेच लिहायचं होतं, आणि लिहिता येत नव्हतं. नत्थूजी सुताराकडून नवी बॅट करून घेतली आहे. इंदू शाळेच्या बॅटने खेळते, या नव्या बॅटला मी कुणाला हात लावू देत नाही. जानेवारीत बागेला पाणी सोडतील, मग फुलं येतील आणि खेळ बंद होईल. त्याआधी ये. झेलाचा निकाल तू दे. आणि माझे सहा बॉल राहिले आहेत, ते खेळून जा.

तुझीच,
माय