चढावर न थांबणाऱ्या स्कूटरची व्यवस्था

मी, प्रेरणा गोरख कालेकर, वय २४, बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), व्यवसाय खाजगी शिकवणी, राहणार पवनानगर, ता. मावळ, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. प्रकृती ठणठणीत आहे, कोणाचा दबाव नाही. मन स्थिर आहे असेही लिहायचे असते. स्कूटरचा विषय सोडला तर तेही आहे.

गावातल्या कायदा शिबिरात वकीलबाई म्हणाल्या, प्रत्येक सज्ञान माणसाने मृत्युपत्र करावे. हात माझा एकटीचाच वर गेला. आई म्हणाली, "लगीन ऱ्हायलं बाजूला, ही मरणाचा कागद करतीय." तरी करते. घरात पहिली पदवी माझी. ऐकलेले अमलात आणायलाही कोणीतरी पहिले हवे.

कलम १. माझी पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. वाचनालय अजून नाही, अर्ज केला आहे. तोवर पुस्तकांवर लोणच्याच्या बरण्या ठेवू नयेत.

कलम २. बँकेत असेल ते आईचे.

कलम ३. स्कूटर. जुनी, टू-स्ट्रोक, नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मी पदवीधर झाले तेव्हा त्यांनी ती माझ्या नावावर केली, पण चालवत तेच राहिले. रोज दुधाचे कॅन लावून दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याला. चढ निम्मा झाला की इंजिन तापायचे आणि नाना थांबायचे. मला ते बघवेना. मी तळेगावच्या मेकॅनिकजवळ उभी राहून मोठे सिलिंडर आणि मोठा कार्बोरेटर बसवून घेतला, सायलेन्सर बदलला. आता ती भरल्या कॅनांनिशी एका दमात चढते. याचा मला अभिमान आहे. स्कूटर माझा भाऊ संदेश याला द्यावी. तो म्हणतो, "ताई, लय भारी पळतीय, हिच्यावर मीच शोभतो."

कलम ४. कलम ३ रद्द. नवीन इंजिनावर नाना जेमतेम आठवडाभर गेले. मग "आता संदेश जाईल" म्हणाले आणि ओट्यावर बसू लागले. मला वाटले, वेगाला घाबरले. मी ब्रेकही नवे बसवले. तरी नाहीत. परवा संदेशला ताप होता म्हणून मी दूध घेऊन निघाले, तर चढावर हौशीराम भाऊंनी हात केला. ते नानांचे लहानपणापासूनचे मित्र, त्यांचे घर तिथेच वळणावर आहे.

"काय गं, बापाला उडतं इमान घेऊन दिलं व्हय? आमी हितं चहा ठिवून बसायचो, आन त्यो नुसता भुर्र. आता तर दिसतच न्हाई."

"पण भाऊ, गाडी थांबवायची की त्यांनी."

"म्या इचारलं. म्हणला, गाडी तापतच न्हाई तर उगं कशापायी थांबू? लोकं म्हणतील, काम टाकून चकाट्या पिटतोय."

घरी आल्यावर नानांना म्हटले, थांबा की तुम्ही, कोण काय म्हणतंय? "गाडी झ्याक हाय, पोरी. लय कष्ट घेतलंस," एवढेच बोलले आणि फडक्याने ती पुसत राहिले.

मग चुकले कोणाचे? इंजिनाचे नाही, मी पुन्हा तपासले. माणसाचे कष्ट कमी करणे वाईट कसे असेल, हे मला अजून कळलेले नाही.

कलम ५. म्हणून स्कूटर नानांना, नवे सिलिंडर, कार्बोरेटर आणि सायलेन्सर संदेशला. जुने भाग गोठ्यात पोत्यात बांधले आहेत, ते माझ्या मृत्यूनंतर परत बसवावेत. संदेश विचारतो, "मग मी काय सायलेन्सर गळ्यात घालून फिरू?"

कलम ६. साक्षीसाठी हे वाचून दाखवले, तेव्हा हौशीराम भाऊ म्हणाले, "तू मेल्यावर? तवर मी आन तुझा बाप ऱ्हातोय व्हय?" त्यांची बायको शालूबाई मावशी त्यांच्यावर ओरडल्या, पण मी पेनाचे टोपण परत उघडले.

तरी कलम ५ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द रद्द समजावेत. मृत्युपत्रात असे करता येते का, माहीत नाही. उद्या सकाळी मी पाने-पकडी घेऊन जुने भाग बसवायला बसणार आहे. नवीन इंजिन बिघडले, असे नानांना सांगेन. संदेशने आणि साक्षीदारांनी तसेच सांगावे. ते बिघडलेले नाही, एवढी नोंद मात्र या कागदावर राहावी.

लिहून देणार: प्रेरणा गोरख कालेकर (सही)

साक्षीदार, दोघांसमक्ष:
१. हौशीराम बबन केदारी (सही)
२. शालूबाई हौशीराम केदारी (अंगठा)

ठिकाण: खिंडीचा चढ, केदारींचे अंगण
दिनांक: १४ डिसेंबर २०२५