कोब्यातले खड्डे

हुडकेश्वर, नागपूर
ता. १९ फेब्रुवारी १९८२

ती. सौ. यमुताईस,

धाकट्या गोपिकाचा वाकून नमस्कार. (वाकवतं तितकं.) तुझी कंबर कशी आहे? मुंबईचं पाणी भावजींना मानवलं का? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून.

महाल भागातलं जुनं घर सोडून आम्ही इथे घर बांधतोय हे तुला कळवलंच होतं. मागच्या दोन खोल्यांत राहतो, पुढची अजून व्हायची आहे. त्यातच धाकटी जाऊ प्रेमिला मुंबईहून पांढरी, पेन्सिल टाचेची सँडल घालून आली. पंचेचाळीस किलोची बाई. ती टकटक करत निघाली की शेजारणी पापड लाटायचं सोडून बघत राहतात. मी ब्याऐंशी किलोची, अनवाणी, दोन बादल्या घेऊन गेले तर कुणी वाटेतला पाटही सरकवत नाही. मी जळते, ताई. तुझ्यापाशी काय लपवू?

गेल्या रविवारी सकाळी मिस्त्रीनं पुढच्या खोलीत सिमेंटचा कोबा घातला. दुपारी घर निजलं, आणि उठून बघतात तर कोब्यात खिडकीपर्यंत खड्डेच खड्डे! मिस्त्री ओरडला, “काहून जी, खुट्या कोनं ठोकल्या इथं?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, तुमीच चालल्या असान,” रवींद्र भावजी म्हणाले. (प्रेमिलाचा नवरा. तो दुसरीकडे कशाला बघेल?) कोबा उखडायचा, वास्तुशांत पुढे ढकलायची, आणि सगळं माझ्या वजनापायी! मामाजींनी दिवसभर या थोरल्या सुनेच्या हातचा चहा घेतला नाही.

तेव्हा आमच्या ह्यांच्यातला विज्ञानाचा मास्तर जागा झाला. दुसऱ्या दिवशी अंगणात तसाच कोबा घालून घेतला, तितकेच तास वाळू दिला आणि मला त्यावर अनवाणी उभं केलं. पुसट पावलं उमटली, लक्ष्मीची काढतात तशी! मग प्रेमिला सँडल घालून चढली आणि टाच आत गेली. “दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ,” हे म्हणाले. माझ्या रुंद पावलांखाली चौरस सेंटिमीटरला पाव किलो, आणि तिच्या टाचेखाली वीस-बावीस! लग्नाला अठरा वर्षं झाली, माझ्या पावलांबद्दल इतकं चांगलं हे प्रथमच बोलले.

पण माझं नशीब बघ. प्रेमिला रडत म्हणाली, “खिडकी लावाले गेली असन मी, आठवत नाही.” झालं! माझ्यावर आळ होता तेव्हा कुणी पाणी विचारलं नाही, आणि तिला मामाजींनी स्वतः चहा करून दिला. रडतानासुद्धा ती सुरेख दिसते.

तुझी,
गोपिका

ता. क. दादरला तशीच पांढरी सँडल, पाच नंबरची, मिळाली तर लगेच पाठव. प्रेमिलाच्या डाव्या सँडलची टाच हलतेय, तिला अजून कळलेलं नाही. दुपारी सगळे निजल्यावर खिडकीच्या काचेत बघायला म्हणून ती घालून मी चारच पावलं चालले गं. (बरं, आठ.)

ता. क. २. माझ्या मापाची असेल तर तीही एक.

ता. क. ३. पार्सल ह्यांच्या नावानं पाठवू नकोस. काल ह्यांनी दोन्हीकडचे खड्डे पट्टीनं मोजले. खोलीतले दुप्पट खोल निघाले. “हे पंचेचाळीस किलोचं काम नाही,” एवढंच म्हणाले, पट्टी खिशात ठेवली आणि माझ्यासाठी चहा टाकला.