सासूबाईंचा ग्लास

पनवेल, मंगळवार संध्याकाळ

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आज सासूबाईंना चष्मा मिळाला. घरी येऊन त्यांनी तो डबीतच ठेवला आणि नेहमीचा स्टीलचा ग्लास सोडून काचेच्या ग्लासातून पाणी प्यायला लागल्या. मी विचारलं, “हे काय, आई?”

“नर्स बोलली ना, रोज ग्लासेस वापरा.”

हसू आलं, पण आवरलं. सांगितलं, इंग्रजीत ग्लास म्हणजे मुळात काच. त्यावरूनच पाणी प्यायचा ग्लास, आणि चष्मासुद्धा.

“मग स्टीलच्याला ग्लास कशाला बोलता तुमी?”

खरंच, कशाला?

मग त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. माझ्या केसांवरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, “इतके पांढरे झाले? मला कोनी सांगितलं नाय.”