सात घोंगड्या

आजोबा,

तुम्ही जाऊन पन्नास वर्षं झाली, तरी आज भांडायचं आहे, आणि तुमच्याशीच.

आठवणीत तुम्ही चुलीजवळ पाटावर बसलेले असता आणि मी, नऊ वर्षांचा, तुम्हाला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावतो. गोऱ्या साहेबांच्या बोट क्लबात तुम्ही सोळाव्या वर्षी नावाडी म्हणून लागलात. रोज सकाळी साहेबांना सराव द्यायला शेजारून होडी वल्हवायचात आणि रोज त्यांच्या पुढे जायचात. शर्यतीच्या दिवशी मात्र नियम आडवा यायचा: जो वल्ह्यावर पोट भरतो, त्याने सभ्य गृहस्थांशी शर्यत लावायची नाही. चषक त्यांचा. तुमच्यासाठी जेवणानंतर नावाड्यांची वेगळी शर्यत, बक्षीस एक घोंगडी. सात वर्षं तुम्ही ती जिंकलात, आणि आमचं आख्खं घर त्या विजयांखाली झोपायचं. तुम्ही भांडला का नाहीत, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत. म्हणालात, "खाल्ल्या मिठाला जागावं."

तो कान आज दुबईत पुन्हा तापला. इथल्या इन्व्हेस्टमेंट्स पार्क या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅक्टरीच्या ऑफिसात मी नोकरीला आहे. दरवर्षी इथे कंपन्यांच्या होड्यांची शर्यत असते आणि आमच्या टीमची यादी मी करतो. यंदा वेल्डिंगचा एक माणूस, दाभोळच्या खाडीकाठचा, दारात येऊन म्हणाला की वल्हं आम्ही लहानपणापासून मारतो, मग आमचं नाव का नाही? मी त्याच्यासकट आठ कामगारांची नावं घातली. मॅनेजर यादी बघून हसला. "अरे भाई, ये तो हाथ का काम करनेवाले लोग हैं, अनफेअर हो जाएगा. लंच के बाद इनकी अलग रेस रख दो, टी-शर्ट दे देंगे. खलास."

घोंगडीचा टी-शर्ट झाला, बाकी सगळं जागच्या जागी. माझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय, साठी जवळ आली आहे आणि रिन्यूअलवर सही याच माणसाची लागते. तरी मी म्हणालो, "सर, दूसरी लिस्ट मैं नहीं बनाऊँगा," आणि त्याच्यासमोरच ती पहिली, कामगारांच्या नावांची यादी आयोजकांना पाठवून दिली. सही होईल की नाही, ठाऊक नाही. पण मीठ मी त्याचं खाल्लेलं नाही, आजोबा. काम केलं आणि पगार घेतला. तुम्हीही तेच केलं होतं, आणि हे तुम्हाला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

हे पत्र टेबलाच्या खणातच राहील. एक गोष्ट मात्र मी त्या वेल्डरलाही सांगितली नाही. मागच्या अकरा वर्षांच्या याद्याही मीच केल्या. त्यांत एकही कामगार नव्हता, आणि कामगार घेऊ नकोस असं मला कुणीही सांगितलं नव्हतं.